नवव्या मजल्याची अट

प्रिय निकिता,

लग्न ठरायच्या आधीच सुनेला पत्र लिहिणारी सासू तू पाहिली नसशील. मीही पाहिलेली नाही. पण फोन करायचा तर अमोल घरी आला की माझा मोबाइल त्याच्याच हातात असतो. मी कोणाशी काय बोलले ते त्याला लगेच कळतं. म्हणून कागद घेतला. आमची चंद्रभागा गुरुवारी देवळाली कॅम्पच्या बाजारात भाजी विकायला येते, ती हा तुझ्या हातात देईल. वाचून झाला की चुलीत घाल. तुमच्याकडे चूल नाही हे लिहिल्यावर आठवलं. फाडून टाक.

तुम्ही सगळे आमचं घर बघायला आलात, त्या दिवशी तू परसात हात धुताना मला सरळ म्हणालीस, "मावशी, अमोल मला आवडलाय, पण मला चिखलात उभं राहायचं नाही. तृप्तीताईचं बघितलंय मी." तुझी बहीण सातव्या महिन्यात भाताच्या खाचरात वाकून रोपांची आवणी करत होती, हेही सांगितलंस. पुढे म्हणालीस, स्वतःचा फ्लॅट हवा, संडास घरात हवा आणि नळाला पाणी हवं. माझ्या नणंदेने ते ऐकलं आणि तुम्ही गेल्यावर तुला 'आगाऊ' असं नाव ठेवलं. मला मात्र तू तेव्हाच पसंत पडलीस. मी लग्न होऊन या बोरदऱ्यात आले तेव्हा पाणी कुठे आहे म्हणून विचारलं, तर सासूबाईंनी हंडा हातात दिला आणि उताराकडे बोट दाखवलं. मला कोणी अट विचारली नव्हती. विचारली असती तर मीही नळच मागितला असता. तेव्हा तुझ्या अटीवर माझा राग आहे असं मनात आणू नकोस.

आता तुला अमोलने काय सांगितलंय ते मला ठाऊक आहे. आमच्या माळावर चौदा मजल्यांच्या सात इमारती होणार, त्यात नवव्या मजल्यावर त्याने घर बघितलंय, दिवाळीपर्यंत ते नावावर होईल. हे खरं आहे. पण ते घर आम्हाला कसं मिळणार, ते त्याने तुला सांगितलेलं नाही.

माळ वर आहे आणि हमरस्ता खाली. मधल्या उतारावर आमची खाचरं. एवढ्या इमारतींना मोठ्या गाड्या जातील असा रस्ता लागतो, आणि तो माझ्या खाचरातूनच निघतो, कारण त्याच्या एका बाजूला ओढा आहे, दुसऱ्या बाजूला खडक. जमीन माझ्या नावावर आहे. मी सही केली नाही तर बिल्डरला इमारती बांधता येत नाहीत. मी सही केली तर त्याच्याकडून घर. असा सौदा आहे.

तू म्हणशील, मग अडवून का धरलंस? गावाची एकच विहीर आहे, माळाच्या पायथ्याला. माळात मुरलेलं पाणी तिच्यात उतरतं. इगतपुरीकडचा पाऊस तुला माहीत आहे, चार महिने कपडे वाळत नाहीत, पण चैत्र लागला की तीच विहीर तळाला जाते आणि आम्ही टँकरची वाट बघतो. त्याच माळावर शेकडो घरं बसली, त्यांनी बोअर मारले आणि सांडपाणी ओढ्यात सोडलं, तर खालच्या खाचरांनी आणि खालच्या माणसांनी काय प्यायचं? मी शिकलेली सातवीपर्यंत, पण एवढं कळायला सातवीसुद्धा लागत नाही.

सुरुवातीला सगळं गाव माझ्या बाजूने होतं बरं का. ग्रामसभेत विरोधाचा ठराव मी मांडला आणि पुंजाभाऊंनी, म्हणजे चंद्रभागाच्या नवऱ्याने, अनुमोदन दिलं. एकही हात खाली नव्हता. बिल्डरचा माणूस रोजगार, विकास, बाग, जिम असं काय काय सांगून थकला, कोणी हललं नाही. मग त्याला कोणीतरी आमची दुखरी नस दाखवली. या गावात तिशी ओलांडलेली बावीस पोरं बिनलग्नाची आहेत. निर्व्यसनी, कामाची पोरं. पण मुलीकडचे येतात, शेणाचा उकिरडा बघतात, हंडे बघतात, चहा पिऊन जातात आणि पुन्हा फोन उचलत नाहीत. त्या माणसाने पुढच्या वेळी विकासाचं नावच काढलं नाही. तो म्हणाला, गावातच फ्लॅट देतो, आता सोयरिकी कशा जुळत नाहीत ते बघू.

झालं. महिन्याभरात बाकी सगळ्यांनी माळावरचे आपापले तुकडे विकले. पुंजाभाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसले, टोपीशी चाळा करत म्हणाले, "वहिनी, लय झालं आता. पोराच्या डोक्यात पांढरे केस दिसाया लागले. व्हऊ द्या त्या बिल्डिंगी." त्यांच्या पोराला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. पाणी पुढे आटणार आहे, पोरगं आज म्हातारं होतंय.

आता बिल्डरने माझ्या घराच्या तिन्ही बाजूंना हिरवे पत्रे ठोकलेत. विहिरीवर जायची वाट त्यांच्या फाटकातून जाते. फाटकावर वॉचमन म्हणून आमच्याच गावचा लहानू बसतो. "काकू, कुठं चालल्या?" असं विचारायचा त्याला हुकूम आहे, आणि बिचारा विचारताना खाली बघतो. आमच्यात आवणीला सावड असते, म्हणजे मी तुझ्या खाचरात यायचं आणि तू माझ्या. यंदा मी सगळ्यांच्या खाचरात राबून आले. माझ्या आवणीला एकटी चंद्रभागा आली, तीही नवऱ्याला न सांगता. आम्ही दोघी दिवसभर वाकलेल्या होतो आणि बांधावरून जाणारी माणसं न बोलता जात होती. निकिता, हे लोक वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. चार शिव्या घातल्या असत्या. इथे ज्याच्याकडे बघावं तो माझाच आहे आणि प्रत्येकाचं म्हणणं खरं आहे.

मागच्या महिन्यात अमोल मला सँपल फ्लॅट बघायला घेऊन गेला. माळावर पत्र्याच्या शेडमध्ये एक अख्खं घर मांडून ठेवलंय. मी चपला बाहेर काढायला लागले तर तिथली मुलगी म्हणाली, "असू द्या मॅडम." मला हसूच आलं. अमोलने स्वयंपाकाच्या ओट्याची उंची वितीने मोजली आणि मला विचारलं, "निकिताला वाकावं नाय लागणार ना गं इथं?" त्याचे वडील गेल्यापासून मी त्याला असं खुललेलं पाहिलं नव्हतं. मग बेडरूम दाखवली. खिडकीत काचेच्या जागी मोठा फोटो चिकटवलेला, नवव्या मजल्यावरून काय दिसेल त्याचा. हिरवीगार खाचरं, ओढ्यावरचं उंबर आणि निळं प्लास्टिक पांघरून आवणी करणारी एक बाई. ती बाई मी होते. ज्या खाचरातून रस्ता काढायचा, त्याचाच फोटो लावून घरं विकायला काढलीत. अमोलनेही ओळखलं. बाहेर आल्यावर त्याने मला उसाचा रस पाजला.

तो माझ्यावर कधी आवाज चढवत नाही, तेच मला जड जातं. अंबडच्या कंपनीत त्याची नोकरी पक्की आहे. पावसापाण्यात, शिफ्ट सुटल्यावर, मोटारसायकलवरून एवढं अंतर तोडत घरी येतो. दोनदा मी त्याला म्हणाले, तिकडेच खोली घे. दोन्हीदा एकच उत्तर, "तुला एकटीला टाकून नाय जायचा." त्याला आई सोडवत नाही, तुला गावात राहवणार नाही, आणि बिल्डरने या दोन्हींवर तोडगा काढून माझ्यापुढे ठेवलाय. मी नाही म्हणाले तर माझ्या पोराचं लग्न मोडतं, हो म्हणाले तर विहीर जाते. येत्या सोमवारी सहीला बोलावलंय. अमोल म्हणाला, "आई, तुला वाटंल ते कर." पण काल त्याने जेवताना भाकरी अर्धी ठेवली.

म्हणून हे पत्र. तू तुझी अट सोडू नकोस, फक्त बदल. सोमवारच्या आत त्याला सांग, फ्लॅट हवा, पण बोरदऱ्यात नको. अंबडला, त्याच्या कंपनीजवळ हवा, भाड्याचा चालेल, आणि सासू बरोबर नको. हे शेवटचं ठासून सांग, नाहीतर तो मला उचलून न्यायला येईल. माझं ऐकून तो जाणार नाही, तुझं ऐकून जाईल. तो गेला की मला धरायला बिल्डरच्या हाती काही उरणार नाही. गाव बोलणं टाकेल, टाकू दे, मी आणि चंद्रभागा आवणी करू. लोक मात्र म्हणतील, आल्या आल्या सुनेने पोराला आईपासून तोडलं. तो बोल तुझ्या वाट्याला येईल आणि मला तो खोडून काढता येणार नाही, कारण खोडला तर अमोल परत येईल. एवढं मोठं मागणं मी परक्याच्या मुलीकडे मागतेय, याची मला लाज वाटते. तू ही अट घालशील तेव्हा मी त्याच्यासमोर तुझ्यावर भडकेन, नाही नाही ते बोलेन. ते सगळं नाटक समज. पण बोलता बोलता मी रडले, तर ते तेवढं खरं धर.

तुझीच,
सगुणामावशी
(आई म्हणायला लागलीस तरी त्याच्यासमोर म्हणू नकोस.)