शेवट वाचनालयात

नागपूर, नोव्हेंबर १९७४. गुरुवार.

चौकातल्या पानठेल्यावरच्या फळ्यावर मी रोज एका कादंबरीची गोष्ट थोडक्यात लिहितो. लोक पान चघळत वाचतात आणि तिथूनच घरी जातात. मागच्या गल्लीतल्या माझ्या वाचनालयात कोणी येत नाही. या महिन्यात सभासद वाढले नाहीत तर खोली सोडावी लागेल.

म्हणून आज फळ्यावर शेवट लिहिला नाही. खाली फक्त ‘शेवट वाचनालयात’. संध्याकाळपर्यंत कोणी फिरकलं नाही. ठेल्यावर गेलो, तर रामभाऊ पानाला चुना लावत सगळ्यांना शेवट सांगत होता. पुस्तक त्याला मीच वाचायला दिलेलं.

“काहून सांगितला गा?”

“लोक विचारून राहिले होते. गिऱ्हाइकाले नाही कसं म्हणू?”

परतलो तेव्हा वाचनालयाच्या दाराशी एक अनोळखी बाई उभ्या होत्या.

“शेवटी ती सासरीच परत जाते म्हणे, भाऊ. इतकं झाल्यावर काहून जाते?”

“पुस्तकात आहे.”

“मग द्या.”

सभासद झाल्या. शेवट कळला म्हणूनच आल्या की काय? एका बाईवरून काय ठरवायचं. तरी ठेला बंद व्हायच्या आत रामभाऊला पुढचं पुस्तक देऊन आलो.