शिवपुत्रची जॉइनिंग

४ सप्टेंबर २०२३, सोमवार
आज धाराशिवला रुजू झाले. मार्चमध्ये पुण्यातल्या कंपनीनं आमची अख्खी भरती टीमच कमी केली, तेव्हापासून परंड्याला आईकडं होते. ही सॉफ्टवेअर कंपनी छोटी आहे. मुख्य ऑफिस पुण्यात, इथं बसस्टँडमागं तीन खोल्या. जिल्ह्यातली हुशार पोरं हेरून नोकरीला घ्यायची, हे माझं काम. अकरा जणांना ऑफर लेटर आधीच गेलीत. पुढच्या सोमवारी ती हजर होतील. शिपाई बंडप्पामामांनी अकरा खुर्च्या पुसून ओळीनं मांडल्यात. चहात वेलदोडाही घातला होता. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

७ सप्टेंबर, गुरुवार
पुण्याहून माझे वरिष्ठ दिग्विजय सरांचा फोन. परदेशी ग्राहकानं काम थांबवलं, अकराही जणांची जॉइनिंग बेमुदत पुढं. नोकरी गेली असं म्हणायचं नाही, लांबली म्हणायचं, असं त्यांनी बजावलं.

८ सप्टेंबर, शुक्रवार
सगळ्यांना मेल केले, मग एकेकाला फोन. सोनाली रडली नाही. गल्लीत पेढे वाटलेत, आता काय सांगू, एवढंच विचारलं. सैफनं हातातली नोकरी सोडली होती. दहा जण झाले. अकरावा सास्तूरचा शिवपुत्र. त्याचा फोन रेंजबाहेर. पुन्हा लावायला हवा होता, पण आणखी एक आवाज ऐकायची ताकद उरली नव्हती. मेल बघेलच.

११ सप्टेंबर, सोमवार
बरोबर दहाला शिवपुत्र दारात. इस्त्रीचा शर्ट, पण उजवी बाजू मातीनं माखलेली. हातात फाइल. मेल बघितलाच नव्हता. मान खाली घालून सांगितलं, जॉइनिंग लांबली.
“बरं मॅडम. उद्या येतो,” म्हणाला.
रागावला असता तर बरं झालं असतं.

१२ सप्टेंबर
पुन्हा दहाला. तोच शर्ट, तीच माती. पाणी दिलं, प्यायला नाही. तो गेल्यावर बंडप्पामामांना म्हटलं, त्याला रोज आत सोडू नका, माझ्याच्यानं बघवत नाही. ते माझ्याकडं बघतच राहिले.
“मॅडम, काल न्हाय, आज न्हाय, कुणीच आलं न्हाय. तुमी एकट्याच बोलत होता.”

१३ सप्टेंबर
त्याचा नंबर लावला. आईनं उचलला, इरम्मा. पोरगं सोमवारी पहिल्या दिवसाला म्हणून निघालं. साडेआठला, बेंबळीच्या अलीकडं, ट्रकनं —
“लई खुशीत गेलता, बाई. तुमी कोण?”
नाव न सांगताच फोन ठेवला.

१४ सप्टेंबर
दाराला आतून कडी लावली होती. तरी आला. चेहरा बघितला की भीतीआधी रडू येतं. फाइल मांडीवर घेऊन बसतो. वाट बघतो. त्याला ठाऊकच नाही. कुणी सांगितलंच नाही त्याला.

१५ सप्टेंबर
दहा वाजले. समोर बसलाय.
“मॅडम, घरात कुणीच बोलंना माझ्याशी. आई बी न्हाय. काय चुकलं माझं?”
एक फोन करायचा होता, तो टाळला मी. हे तरी मीच सांगायला हवं. नावानं हाक मारली. त्यानं मान वर केली, हसला. जॉइनिंगचंच सांगतेय, असं वाटलं असेल त्याला. शिवपुत्र, ऐक. सोमवारी तू इथं पोचायच्या आधीच —