माझ्या बाजूला कोणी चेंडू टाकत नाही

हौगांग, सिंगापूर
रविवार

ती. स्व. सुलेखाताईस,

निशिकांतचा साष्टांग नमस्कार (आठ अंगांपैकी डावा गुडघा सध्या वाकत नाही, तेवढा वजा करून घे). भाऊजींची शुगर, तुझी कंबर आणि इस्लामपूरचं ऊन, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे चैत्राली बरी आहे, ऋता तेरा वर्षांची झाल्यामुळे आमच्याशी फारशी बोलत नाही, आणि मी कालपासून अमेरिकन फुटबॉलमधून निवृत्त झालो आहे. तो चौदा सेकंदांचा व्हिडिओ तुझ्यापर्यंत पोचला असेलच. प्रबोधनं (आपल्या या मामेभावाला दुसरा उद्योग नाही) तो साऱ्या नातेवाइकांना पाठवलाय, वर हसून हसून रडणारी सहा तोंडं लावून. चौदा सेकंदांत माझी आठ वर्षं मावत नाहीत, म्हणून हे पत्र.

पहिल्यापासून सांगतो. मी रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत सॉफ्टवेअर सांभाळतो हे तुला ठाऊक आहे (नेमकं काय सांभाळतो हे मलाही नीट ठाऊक नाही). आठ वर्षांपूर्वी ऑफिसच्या क्रीडादिनाला आम्ही चार मराठी आणि तीन तमिळ मंडळींनी हौसेनं कबड्डी मांडली. मी डावा कोपरा. चढाईला आलेल्या एका धिप्पाड ऑडिटरचा घोटा मी असा धरला की तो पालथा पडला आणि पंधरा दिवस आमच्या विभागाचं ऑडिट झालं नाही. ते पाहून डेस्मंड तान नावाचा एक सहकारी धावत आला. "ब्रो, यू कॅन टॅकल आह!" (वाक्याला आह, लाह, व्हॉट असं शेपूट लावायची इथली पद्धत आहे.) मला वाटलं तक्रार करतोय. तो निघाला हौगांग हॉर्नबिल्स या हौशी संघाचा मॅनेजर. फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा, अशा समजुतीत मी गेलो, तर तिथं डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जेवायचे पाट बांधल्यासारखे पॅड, आणि चेंडू सोललेल्या नारळासारखा दोन्हीकडून टोकदार. समोरच्यांपैकी एकजण तो लांब फेकतो, दुसरा जीव खाऊन पळत जाऊन झेलतो. त्या झेलणाऱ्याला चिकटून, निम्मा वेळ उलटं धावत, त्याला झेलू न देणं हे माझं काम. चेंडू मीच झेलला तर तो आमचा. या जागेला कॉर्नरबॅक म्हणतात. म्हणजे समुद्र ओलांडून आलो तरी उभा कोपऱ्यातच. पहिल्याच दिवशी आमचे कोच व्हिटेकर (अमेरिकन, इथल्या एका शाळेत पीटी शिकवतात, हसताना कोणी पाहिलेले नाहीत) माझी पावलं बघत राहिले आणि म्हणाले, असं तुला कोणी शिकवलं? मी म्हटलं, कोणी नाही सर, आपलं आपणच.

पहिल्या मोसमात मी सात चेंडू पळवले. दुसऱ्यात नऊ. 'बेस्ट डिफेन्सिव्ह बॅक' म्हणून मला एक ढाल मिळाली, तिच्यावर माझं नाव 'निशी' आणि 'कांत' असं दोन माणसांचं कोरलेलं आहे. धुतलेले पॅड मी खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घालायचो, तेव्हा शेजारच्या लिम आंटी दार वाजवून विचारायच्या, घरात कुणाला अपघात झाला का? त्यांनाही मी ढाल दाखवली. त्यांनी ती उलटीपालटी करून चांगली जड आहे असं सांगितलं. पूर्ण लीगमध्ये माझ्यासारखा कोपरा नाही, असं व्हिटेकर सर स्वतः म्हणाले, तेही न हसता.

आणि तिथंच घात झाला. तिसऱ्या मोसमापासून समोरच्या संघांनी माझ्या बाजूला चेंडू टाकणंच बंद केलं. तू म्हणशील, हा तर मान झाला. मलाही आधी तसंच वाटलं. पण या खेळात पळवलेल्या चेंडूंची मोजदाद होते, न आलेल्या चेंडूंची होत नाही. मी दोन तास एका माणसाच्या सावलीसारखा धावायचो, त्याला श्वास घेऊ द्यायचो नाही, आणि माझ्या नावापुढे शून्य. पलीकडच्या कोपऱ्यात आमचाच जेरेमी. चांगला मुलगा आहे, पण त्याला चकवायला म्हैसही पुरे. त्यामुळे सगळे चेंडू त्याच्याकडे, आणि दहा आले की एकदोन लागतातच हाताला. तीन वर्षं ओळीनं माझी ढाल जेरेमी नेतोय. चैत्राली एकदा टोपी, छत्री, सरबत असा सरंजाम घेऊन सामन्याला आली, भर उन्हात शेवटपर्यंत बसली आणि घरी येताना बसमध्ये अगदी मायेनं म्हणाली, "तुम्हाला आज खेळायला घेतलं नव्हतं का हो?" मी पूर्ण वेळ मैदानात होतो, ताई.

आता कालची फायनल. समोर पासिर रिस पायथन्स. चैत्राली आली होती, आणि मोबाइल बघणार नाही अशी शपथ घालून ऋतालाही आणलं होतं. मध्येच विजेचा भोंगा वाजला (इथं आभाळात कुठंही चमकलं की मैदान रिकामं करावं लागतं), पाऊण तास आम्ही छपराखाली केळी खात बसलो. पुन्हा सुरू झालं तेव्हा गवत ओलं, उन्हं तिरपी, थेट माझ्या डोळ्यांत. आम्ही चार गुणांनी पुढे, सामन्याचा शेवटचा चेंडू. त्यांना तो आमच्या हद्दीच्या टोकाला झेलला तरच जिंकता येणार होतं. जेरेमीच्या पोटरीत गोळा येऊन तो बाहेर गेलेला, त्याच्या जागी आमचे तीन गडी जमा झालेले. म्हणजे पायथन्सना मोकळी दिसली ती माझी बाजू. वर्षभरात पहिल्यांदा चेंडू माझ्याकडे आला. मी जागेवर होतो, वेळेवर उडालो, त्यांच्या गड्याच्या वीतभर वर होतो. चेंडू माझ्या हातांना लागला, उसळला, आणि मागं घसरून पडलेल्या त्यांच्या दुसऱ्या एका गड्याच्या छातीवर (तो उताणा पडला होता, ताई, उताणा!) अलगद जाऊन बसला. त्यानं तो मिठी मारून धरला. सामना त्यांचा, लीग त्यांची. ओलं गवत, डोळ्यांत ऊन आणि नवे हातमोजे, या तिघांनी मिळून माझा घात केला. बक्षीस समारंभात जेरेमी लंगडत जाऊन चौथी ढाल घेऊन आला. डेस्मंड, जो आठ वर्षं मला ब्रो म्हणतोय, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "नेव्हर माइंड लाह, अंकल." बसमध्ये ऋतानं मोबाइलवरून मान वर करून एवढंच म्हटलं, "पापा, यू जस्ट हॅव टू नॉक इट डाउन, व्हॉट." मी आजच सगळं सामान डेस्मंडकडे पोचवून आलो. सत्कार वगैरे नको म्हणून सांगणार होतो, पण कोणी विषयच काढला नाही.

भाऊजींना नमस्कार. प्रबोध भेटला तर त्याला माझ्यातर्फे काहीही सांगू नकोस, नुसतं बघ त्याच्याकडे.

तुझा,
निशिकांत

ता. क. वरचं गवत, ऊन आणि हातमोजे खोडून वाच. शेवटचा चेंडू झेलायचा नसतो, नुसता खाली थापटायचा असतो. जमिनीवर पडला की सामना आमचा. हे मला आठ वर्षं पाठ आहे, आणि हवेत असतानाही आठवत होतं. पण चैत्राली बघत होती, ऋता चक्क मोबाइल खाली ठेवून उभी होती, आणि इतक्या वर्षांत एकदा तरी माझ्या हातात चेंडू आहे असं त्यांना दिसावं, असं वाटलं. म्हणून बोटं वळवली. हे चैत्रालीलाही सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. व्हिटेकर सरांशी पहिल्याच दिवशी खोटं बोललो होतो. ती पावलं आणि तो घोटा तू मला शिकवलास, आपल्या गोठ्यामागच्या आखाड्यात, ओढणी कमरेला खोचून. राज्याच्या कबड्डी शिबिराला दोघांची नावं आली होती. तुझं मुलींच्या संघात, माझं मुलांच्या राखीव खेळाडूंत. आईचं ऑपरेशन होतं, एकानं घरी राहायला हवं होतं, आणि नानांनी विचारलं तेव्हा मी ताटातून मान वर केली नाही. तू राहिलीस. मी जाऊन दहा दिवस बाकावर बसून आलो. बावीस वर्षांत याबद्दल तू एक शब्द बोलली नाहीस, त्यामुळे मलाही बोलायला जमलं नाही. आता बोललो. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. ऋतानं काल संध्याकाळीच शाळेच्या मुलींच्या फ्लॅग फुटबॉल संघात नाव दिलं. त्यात पाडापाडी नसते, पळणारीच्या कमरेची पट्टी ओढून घ्यायची. जागा विचारली तर म्हणाली कॉर्नर. मी शिकवतो म्हटलं तर म्हणाली, नको, तुला कोणी शिकवलं ते सांग. मग सगळं सांगावं लागलं, शिबिरासकट. मग मराठीत म्हणाली (वर्षभरात पहिल्यांदा पूर्ण वाक्य), "आत्याला जूनमध्ये सुट्टीत बोलव." तेव्हा भाऊजींचे पथ्याचे डबे कोणाच्या तरी गळ्यात मार आणि ये. सराव शनिवारी सकाळी असतो. मला मैदानावर तिची ओळख दाखवायला बंदी आहे, कारण तो व्हिडिओ तिच्या अख्ख्या संघानं पाहिलाय. तू येणार आहेस, हे मात्र तिनं आधीच सगळ्यांना सांगून टाकलंय.