दादानं खोडायला सांगितलेलं

वसमत, ४ जानेवारी २०२४

प्रिय भूषणदादा,

सप्रेम जयभीम. वि. वि. माझा पहिला खर्डा वाचून लिहिलेलं तुझं सहा पानी पत्र पोचलं. फोनवर मी भांडले असते म्हणून लिहून कळवलंस, हे ओळखलं.

तू सांगितलंस तसं केलं. पटकथेत 'आपण बघतो' लिहायचं नाही, म्हणून सगळीकडचं खोडलं. कॅमेऱ्याला मन दिसत नाही, म्हणून पात्रांच्या मनातलंही काढलं. माझ्या गोष्टीतली जिवनबाई मोंढ्याच्या बाजारात दिवसभर हळकुंडं निवडून घरी येते, तीनदा हात धुते आणि तिला वाटतं, हे पिवळे हात बघून लेक आज तरी लाजणार नाही. ते काढताना जिवावर आलं. आता नुसतं 'जिवनबाई हात धुते' उरलंय. पण पुण्यात नऊ वर्षं मालिका लिहिणाऱ्याला नियम ठाऊक असणार. मी आपली शाळेतली बाई.

पटकथा काल त्या लेखन शिबिराच्या निवडीसाठी पाठवली. तूही पाठवली आहेसच. दोघांची निवड झाली तर प्रवासात खिडकी माझी. आई म्हणते की पोरगं फोनवर लई खोकून राहिलं, तेव्हा काढा घे. माया आहे तशीच राहू दे.

तुझी करुणा


पुणे, २५ फेब्रुवारी २०२४

प्रिय करुणा,

जयभीम. निकाल तू पाहिलाच असशील. दहा जणांत मी आहे, तू नाहीस. तुझ्या पटकथेवरचा 'नेटकी, पण कोरडी' हा शेरा मनाला लावून घेऊ नकोस. नियम अंगवळणी पडायला वेळ लागतो. आई इथे आठ दिवस रमली, उद्याच्या बसनं निघते आहे. तुझ्यासाठी चिवडा दिलाय. दादावर लोभ ठेव.

तुझा भूषण


वसमत, ३ मार्च २०२४

दादा,

जयभीम. आई सुखरूप पोचली. पिशवीतून तिनं दोन गठ्ठे काढले. एक तुझी पटकथा, तिच्या मोंढ्यातल्या बायांना दाखवायला. दुसरा माझ्या पहिल्या खर्ड्याची झेरॉक्स. तिनं अक्षर ओळखलं. म्हणाली की पोरीचं लिवलेलं असं पसाऱ्यात काहून राहू द्यायचं.

तुझ्या पहिल्याच पानावर 'आपण बघतो' पाच वेळा आहे. नियम नवख्यांसाठी असतील, अशी मी मनाची समजूत घातली. मग माझी झेरॉक्स चाळली. जिवनबाईच्या हातांपाशी तू पेन्सिलीनं लिहिलंयस, 'हे मला जमलं नसतं.' खाली तारीख आहे, मला सहा पानी पत्र लिहिलंस त्याच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे तुला कळलं होतं. न कळून चुकला असतास तर मी हसून सोडून दिलं असतं. परक्यानं फसवलं तर माणूस चार लोकांत सांगतो. तुझं मी कुणाला सांगू? का केलंस, एवढं लिही.

करुणा


पुणे, ९ मार्च २०२४

करुणा,

जयभीम. ते नियम मी मनानं रचलेले नाहीत. मलाही कुणी तरी सांगितले होते. चार वर्षं पाळले आणि सोडून दिले. वाक्यात जीव असला की वाचणारा नियम मोजत बसत नाही, हे मला ठाऊक होतं.

तुझं वाचलं आणि भीती वाटली. नऊ वर्षं मी इथे दुसऱ्यांचे प्रसंग दुरुस्त करतोय आणि तू मुलांच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात हे लिहिलंस. मी शिबिरातून नाव काढून घेतो. जमलं तर माफ कर.

भूषण


वसमत, १७ मार्च २०२४

दादा,

जयभीम. नाव काढू नकोस. तुझी जागा मला नको, आणि आईला कारण काय सांगायचं? ती मोंढाभर सांगत सुटलीय की दोन्ही लेकरं लिहितात.

मी पटकथा पुन्हा लिहायला घेतलीय. मनातलं ठेवायचं की काढायचं, हे ओळ वाचून ठरवते. कधी कधी तुझा नियम बराबर निघतो, तेव्हा तुझा जास्त राग येतो.

सहावीपासून लिहिलेलं प्रत्येक पान मी आधी तुला दाखवलं. काल एक प्रसंग पुरा झाला आणि सवयीनं पानं पाकिटात घालून वर तुझा पत्ता लिहिला. मग पानं बाहेर काढून घेतली. त्याच पाकिटातून हे पत्र पाठवते आहे.

आईचा आशीर्वाद. लोभ असू दे.

करुणा