टाकीकडे बोट

६ जानेवारी १९७४, रविवार

आली एकदाची! बाळाने टेम्पोतून आणली. चार फूट लांब, लोखंडी पट्ट्यांची चौकट, काचा पुट्टीने बसवलेल्या. जुनीच्या चांगली अडीचपट. चौघांनी उचलून जुनीच्या शेजारी, ह्यांच्या खाटेसमोर ठेवली. आता ह्यांना भरवायला बसायचं तर स्टूल ठेवायला जागा नाही!

गेले चार महिने जेवण सुरू झालं की ह्यांचं एकच. डावा हात उचलायचा, माझ्या हातातला चमचा बाजूला सारायचा आणि माशांच्या टाकीकडे बोट दाखवायचं. दोन वर्षांपूर्वी झटका आला, तेव्हा उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. उरला तो हा हात. बोटाचा अर्थ आपणच लावायचा. मला वाटलं, मासे उपाशी आहेत म्हणतायत. दिवसातून दोनदा घालायला लागले, तरी बोट तिकडेच. शेवटी बाळा म्हणाला, "आई, मासे वाढलेत. बाबांना टाकी लहान वाटतेय."

असेल. टाकीत ह्यांचा जीव. उत्तनजवळच्या पालीच्या खडकांत ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहून एकेक मासा स्वतः धरलेला. पाच पट्टेवाले, एक काळा चपटा, शंखात राहणारे दोन खेकडे आणि दगडाला चिकटलेलं ते लाल समुद्रफूल. ह्या सगळ्यांना मी नऊ वर्षं शिव्या घालतेय आणि नऊ वर्षं खायलाही घालतेय. आता एवढंच तर उरलंय त्यांना बघायला. मासे मेले तर हा माणूस दिवसभर भिंतीकडे बघत पडणार.

आशाने, सूनबाईने, जेवताना दोन घास खाल्ले आणि पाणी मागितलं. मग परत पाणी. "आई, आमटी जरा खारट झालीय का?" कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहून अळणी खायची सवय लागलीय बाईसाहेबांना.

८ जानेवारी

टाकी गळते का बघायला विहिरीच्या बत्तीस कळशा ओतल्या. गळत नाही. आता बत्तीस काढायच्या. कंबर गेली.

राघो येऊन बघून गेला. आमच्या मिठागरावरचा जुना माणूस. मासे धरायला ह्यांच्याबरोबर तोच जायचा. म्हणाला, "वैनी, पुट्टीचा वास जाऊ दे आधी. घाई नको. मासं मेलं त दादा माज्याशी बोलायचं न्हाईत." आणि मग ह्यांच्याकडे बघून जीभ चावली.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळाचे लाडू केले. यंदा गूळच गोड नाही! दुकानदाराला जाऊन सुनावलं. तो म्हणतो, "भाभी, पूरा गाँव यही गुड़ ले गया, किसीने कुछ नहीं बोला." तोंड वर करून बोलतात.

ह्यांना अर्धा लाडू भरवला. चक्क खाल्ला! हाताने खूण करून आणखी मागितला. भातावर मात्र तेच: चमचा बाजूला आणि बोट टाकीकडे. "मोठी आणलीय ना? दिसत नाही का?" म्हणून ओरडले. सणाच्या दिवशी. मग वाईट वाटलं. पण बोलून झालं होतं.

१७ जानेवारी

डॉक्टर येऊन गेले. ह्यांचं ब्लडप्रेशर परत वाढलंय. "मीठ कमी करायला सांगितलं होतं ना, बाई?" अहो, केलंय की! आधीच्या निम्मं घालते. मग चाखून बघते, तर नुसतं पाणी लागतं. असलं आजाऱ्याच्या घशाखाली कसं उतरायचं? म्हणून वरून चिमूट घालते. ते काही डॉक्टरांना सांगितलं नाही. चिमटीने काय होतंय.

"आणि तुमची तब्येत?" म्हणाले. गणपतीत ताप येऊन गेला, तेव्हापासून दमायला होतं, असं सांगितलं. टॉनिक लिहून दिलं. आणायला कोण जातंय.

२१ जानेवारी

राघोने पालीहून समुद्राचं पाणी आणलं. दुधाच्या सहा कॅनमधून, उत्तनच्या एस्टीच्या टपावर घालून. कंडक्टर म्हणे, "काका, समुद्र घरी घेऊन चाललात काय?" राघो म्हणाला, "आमच्या दादास्नी जायला जमत न्हाय, म्हनून त्योच निघालाय."

हे ऐकलं ह्यांनी. तोंडाची डावी बाजू हलली. हसले असावेत.

२३ जानेवारी

अमावस्या. आज नको. उद्या.

२४ जानेवारी

उधाणाची भरती. राघो आगरावर, मिठाच्या वाफ्यांत भरतीचं पाणी घ्यायला गेला. अशा दिवशी माणूस मागता येत नाही. बाळाला ओव्हरटाइम. म्हटलं, आपणच करू. रोज थांबायचं तरी किती!

सकाळी नऊला सुरुवात केली. जुनं पाणी हंडे-घमेल्यांत काढलं. मच्छरदाणीच्या तुकड्याने मासे धरले. पट्टेवाले आले पटापट, काळ्याने अर्धा तास घेतला. खेकडे हाताने उचलले. ते अंग आत ओढून घेतात आणि दारावर नांगी लावतात, मला हसू येतं. समुद्रफुलाला हात लावायचा नाही, दगडासकट उचलायचं, राघोने दहादा बजावलेलं. तसंच उचललं. हे खाटेवरून बघत होते. एकदाही मान वळवली नाही.

जुनं पाणी, पालीचं पाणी, सगळं घालूनही वरची वीतभर टाकी रिकामी. आठ कळशा तरी कमी पडल्या. मग हे करायचे तसंच केलं. विहिरीचं गोडं पाणी घेतलं आणि मीठ धरायच्या वाफ्यातलं कडक, जहाल खारं पाणी त्यात थोडं थोडं मिसळत गेले. मोजमाप नाही. जिभेच्या टोकावर एक थेंब, हेच आमच्या घरात माप.

लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनी तीन वाट्या पुढे ठेवल्या होत्या. समुद्राचं पाणी कुठलं, वाफ्यात उन्हाने तापलेलं कुठलं, मीठ धरायला आलेलं कुठलं? मी तिन्ही बरोबर सांगितल्या. पंधरा वर्षांची होते. मामंजी सगळ्या गावाला सांगत फिरले, "आमचे सुनेची जीभ आगराची हाय!" ह्या घरात माझं दुसरं कौतुक कधी कुणी केल्याचं आठवत नाही.

तर चाखलं. फिकं. आणखी एक तांब्या कडक पाणी. तरी फिकं! मासे ठेवलेल्या हंड्यातलं जुनं पाणी चाखून बघितलं, तेही फिकंच. म्हणजे इतके दिवस मासे बिचारे पातळ पाण्यात होते. मी विहिरीचं जास्त घालत आले असेन. म्हटलं, आता नीट करू. जिभेला लागेपर्यंत घालत गेले. हंडाभर गेलं असेल. शेवटी जरा जाणवलं. जाणवलंसं वाटलं.

मासे सोडले. चार वाजले होते. ह्यांच्याकडे बघून म्हटलं, "झालं मनासारखं?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. समाधानाने असेल.

२५ जानेवारी

पट्टेवाले तीन गेले. काळा वरच्यावर तोंड उघडतोय. फूल मिटून सुपारीएवढं झालंय. एक खेकडा शंख टाकून उघडाच कोपऱ्यात बसलाय.

हे बघतायत. त्यांच्यासमोरून मेलेले काढायला लागले मला.

त्याच दिवशी

राघोला निरोप धाडला. आला, टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि अंगणात जाऊन थुंकला. "वैनी, ह्ये काय केलंत? यात मासं जगंल? यात मीठ धरंल!"

मी म्हटलं, चाखून घातलंय.

"चाखलंत?"

"चाखलं म्हणते ना!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग कामाला लागला. उरलेले जुन्या टाकीत काढले. दोन हंड्यांच्या तळाशी थोडं जुनं पाणी होतं, ते घातलं. मग पालीला जाऊन नवं आणलं. घरात पेल्या-पेल्याने घालत बसला. संध्याकाळी काळा गेला. दोन पट्टेवाले आहेत, खेकडे आहेत. फुलाचं सांगता येत नाही.

माझं चुकणं शक्य नाही. राघोचं वय झालंय, तंबाखूने जीभ गेली असेल त्याची. असंच म्हणत होते दिवसभर. मनातल्या मनात.

२६ जानेवारी

फूल मिटलेलंच. ह्यांनी दोन्ही वेळा जेवण नाकारलं. बोटसुद्धा दाखवलं नाही.

मी मारले त्यांचे मासे. जेवण कशाला घेतील माझ्या हातून?

२७ जानेवारी, रविवार

बाळा-आशा आली. मी अंथरुणावरून उठले नाही, कारण काही नाही, उठवलंच नाही. आशाने स्वयंपाक केला. साधं वरण, भात, भोपळ्याची भाजी.

ह्यांनी सगळं खाल्लं. ताट पुसून! चमचा सारला नाही. टाकीकडे एकदाही बोट नाही. आशा म्हणाली, "बाबा आज छान जेवले हं." मला झोंबलं. बत्तीस वर्षं रांधतेय, आणि सुनेच्या हाताला चव!

मीही जेवले. नुसता लगदा. बाळाला म्हटलं, "मीठ विसरली का रे तुझी बायको?" तो आशाकडे बघायला लागला, आशा ताटाकडे. मग बाळा हळूच म्हणाला, "आई, बरोबर आहे गं मीठ."

२८ जानेवारी

फूल उघडलं. थोडंसं.

सकाळी बाळा-आशा परत गेल्यावर डब्यातलं मीठ घेतलं. आमच्याच आगराचं, जाडं. खडा जिभेवर ठेवला. विरघळेपर्यंत ठेवला. दुसरा ठेवला. मग मूठभर.

काही नाही. रेती.

ह्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "अहो, टाकी मोठी करा, असं म्हणतच नव्हतात ना तुम्ही? जेवण टाकीतल्या पाण्यासारखं झालंय, असं सांगत होतात?"

त्यांनी डावा हात उचलला. चमचा नव्हताच हातात. तरी तसंच टाकीकडे बोट केलं, मग माझ्या तोंडाकडे. आणि हात खाली घेतला.