ओलावा, कचरा, बारदाना वजा जाता

२४ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाले, वामनराव, बीपी वाढलंय, वजन उतरवा, टेन्शन घेऊ नका, मनातलं लिहून काढत जा. एवढं सांगून दोनशे रुपये फी घेतली. टेन्शन तिथेच थोडं वाढलं.

संकल्प. एक, दहा किलो कमी करणे. दोन, सौ.ची सोन्याची पोत बँकेतून सोडवणे. मोटारसायकलच्या डाउनपेमेंटसाठी गहाण ठेवली तेव्हा 'दिवाळीला गळ्यात घालतो' असा शब्द दिला होता. कोणत्या दिवाळीला, ते बोललो नव्हतो. तीन, कुणावरही संशय घ्यायचा नाही. संशयानेच बीपी वाढतं.

फराळ संपेपर्यंत पहिला संकल्प लागू नाही. अन्न टाकणं पाप.

२५ ऑक्टोबर, सकाळ
खुर्शीदशेठच्या आडतीत काट्यावर मीच असतो. पिंपळगाव राजाचं निम्मं सोयाबीन माझ्या डोळ्यांखालून गेलंय, त्यामुळे दवाखान्यातल्या त्या पिटुकल्या वजनकाट्यावर माझा विश्वास नाही. शेठ यायच्या आत आडतीच्या मोठ्या काट्यावर उभा राहिलो. चौऱ्याण्णव.

पण व्यवहाराला नियम असतात. शेतकऱ्याच्या मालातून आपण ओलावा कापतो, कचरा कापतो, पोत्याचा बारदाना कापतो. मग माणसाला वेगळा न्याय का? कपडे हा बारदाना, दोन किलो. सकाळचं पाणी हा ओलावा, दोन किलो. रात्रीचं जेवण अजून पोटात, तो कचरा, एक किलो. निव्वळ वजन एकोणनव्वद. पहिल्याच दिवशी पाच किलो उतरले! डॉक्टरांना कळवावं का? नको, फी घेतील.

२७ ऑक्टोबर
बँकेची नोटीस. १५ नोव्हेंबरपर्यंत व्याज भरा, नाहीतर दागिन्याचा लिलाव. सौ.ने दोनदा वाचली. म्हणाली, कापूस फुटला, बाया मिळून नाई राह्यल्या, मी वेचणीले जाते. मी ठणकावून सांगितलं, माझी बायको दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणार नाही. काट्यावरच्या माणसाला इज्जत असते. त्यावर म्हणाली, इज्जत गळ्यात घालता आली असती तं बरं झालं असतं.

भिंतीपलीकडून शेजारच्या आलिमाभाभी हसल्या. नोंद घेतली आहे.

२९ ऑक्टोबर
मार्ग सापडला! मेहुणा हर्षल वजन उतरवायची पावडर विकतो. तीन डबे घेतले की आपण एजंट. मग आपण विकायचे, कमिशन आपलं. वजन आणि कर्ज एकाच डब्यातून उतरणार. रोख नव्हती म्हणून डबे हप्त्याने घेतले. हर्षल म्हणाला, भाऊजी, तुमाले पाह्यलं का लोक लाइन लावतीन. सौ. म्हणाली, लाइन तं बँकेनं आधीच लावली. घरात असे निगेटिव्ह विचार असले की वजन कसं उतरणार?

१ नोव्हेंबर
पावडर पाण्यात बेचव लागते. दुधातून घेतली. दुधात एकटी बरी लागत नाही म्हणून दोन केळी आणि साखर. जेवणाऐवजी घ्या, असं डब्यावर लिहिलंय. पण डब्यावर काय, काहीही लिहितात. जेवून घेतली.

चिवड्याचा डबा रिकामा. छकुलीवर संशय. पोर अकरावीत आहे, भूक असते. (तिसरा संकल्प आजपुरता स्थगित.)

सौ. हल्ली अंधारातच आलिमाभाभींबरोबर बाहेर पडते. विचारलं तर म्हणते, फिराले जातो. थेट दुपारी येते. एवढं कुठे फिरतात? अंगात साडीवरून माझा जुना शर्ट. म्हणे थंडी वाजते. फिरायला जाणाऱ्या बाईला थंडी वाजेल, पण शर्ट कशाला?

४ नोव्हेंबर
सौ.च्या केसात आणि पदराला कापूस. माझ्यापासून काही लपत नाही. नवीन गादी घेतलीय. हप्त्यावर. भाभींकडे लपवली असणार.

विचारलं नाही, संकल्प आहे. फक्त चप्पल शोधायच्या निमित्ताने भाभींच्या घरात दोनदा डोकावलो. भाभी म्हणाल्या, भाईसाब, तुमची चप्पल तुमच्या पायातच हाय. बाई हुशार आहे, सांभाळून राहायला हवं.

६ नोव्हेंबर, दुपार
उकंडराव आडतीत आले. नदीकाठी त्यांची मोठी कपाशी. म्हणाले, वामनराव, बाया पहाटेच येऊन राह्यल्या, दवानं कापूस ओला राह्यते, अन् मजुरी तं किलोवर द्या लागते. मंग काय कापाव?

असा प्रश्न घेऊन माणूस माझ्याकडेच येतो. मी क्षणात सांगितलं, दहा किलोमागे एक किलो ओलावा सरळ कापा, बाया काही बोलत नाहीत.  उकंडराव म्हणाले, पाहा बरं, तुमीच म्हनून राह्यले. आणि हसले. यात हसण्यासारखं काय होतं? नोंद.

त्यांनी भजी मागवली. मानाचं खाणं डाएटमध्ये धरत नाहीत.

९ नोव्हेंबर
काट्यावर शहाण्णव. हवेत दव आहे, म्हणून ओलावा तीन धरला. काल लग्नाचं जेवण, कचरा तीन. बारदाना नेहमीचा दोन. निव्वळ अठ्ठ्याऐंशी. प्रगती आहे. शेठनी मागून पाहिलं. म्हणाले, वामनराव, हा हिसाब गिऱ्हाइकाले दाखवू नका, आपल्या काट्यावर कोनी येनार नाई. जळतात.

सौ. मात्र खरोखरच बारीक दिसतेय. ब्लाउज सैल झालेत. एकाच घरातला एकच स्वयंपाक, मग माझ्याच अंगी का लागतो? तेलात काहीतरी आहे.

तिचा चेहराही काळवंडलाय. वाढताना हात पाहिले. बोटांची टोकं खरचटलेली, अंगठ्याला चिंधी. मग एकदम उजेड पडला. बचत गटाच्या कर्जांना अंगठा, प्रत्येक कर्जाला मशीनवर अंगठा! किती कर्जं काढली या बाईने? भाभींनीच नादी लावलं असणार.  घाबरलो, खोटं कशाला लिहू? म्हणून उरलेले दोन अनारसे खाल्ले.

१२ नोव्हेंबर
दोघींचा पाठलाग केला. मोटारसायकलचा आवाज होतो, म्हणून पायी. त्या दोघी झपझप नदीकडे निघाल्या. बसस्टँडपर्यंत गेलो आणि धाप लागली. हॉटेलात जरा टेकलो. पोहे गरम होते. बाकीचा तपास पुढच्या वेळी.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ
सौ. आपणहून समोर येऊन बसली. पदराची गाठ सोडून पैसे ठेवले. म्हणाली, दिवाळी झाल्यापासून उकंडरावाच्या कपाशीत वेचणीले जाऊन राह्यली.

गादी नाही. गट नाही. कापूस.

मी रागवायला तोंड उघडलं, पण तिचं संपलं नव्हतं. उद्या बँकेची शेवटची तारीख. व्याज बरोबर जमलं असतं, पण गेल्या आठवड्यापासून उकंडराव दहाले एक किलो दवाचा कापून राह्यला, म्हणून दोनशे रुपये कमी पडले. तो म्हणते, कोन्या जाणत्या मानसानं सांगतलं. मग म्हणाली, तुमाले काट्याचं समजते. उद्या बँकेच्या आधी शेतात चाला अन् समद्या बायांसमोर त्याले सांगा, का असं कापत नसतात. अन् तो मूर्ख मानूस कोन आहे, तेही विचारा.

खिसा चाचपला. हर्षलचा हप्ता सकाळीच गेला होता.

म्हटलं, उद्या मला बरं वाटणार नाही. ती म्हणाली, येवढं एकच मागून राह्यली तुमाले. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या हुशारीवर भरवसा ठेवून तिने काही मागितल्याचं मला आठवत नाही. ताट तसंच ठेवलं. पहिल्यांदाच भूक नव्हती.

१५ नोव्हेंबर
गेलो. बांधावरच्या बाभळीला काटा टांगलेला, भोवती बाया आपापली गाठोडी घेऊन. सौ.ने मला पुढे केलं. म्हणाली, हे आमच्या छकुलीचे बाबा, शेठच्या काट्यावर राह्यतात, आता हेच सांगतीन.

मी हवामानापासून सुरुवात केली. दव, वारा, बोंडाची जात, सोयाबीनचा नियम वेगळा कसा. उकंडरावांनी मधेच थांबवलं. म्हणाले, काऊन फिरवून राह्यले वामनराव? तुमीच तं सांगतलं मले, दहाले एक कापा, बाया काई बोलत नाईत.

सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. सौ. नाही. ती आपलं गाठोडं बांधत होती. ते आधीच बांधलेलं होतं.

लाज वाटली. एवढी कधी वाटली नव्हती. म्हटलं, चुकलं माझं, कापू नका. उकंडराव म्हणाले, आजपासून नाई कापत, मांगचं गेलं ते गेलं.

कमी पडलेले दोनशे आलिमाभाभींनी दिले. त्यांच्याही कापसातून तेवढेच कापले गेले होते. देताना एवढंच म्हणाल्या, पहले पोत बचाओ बहना, भाईसाबसे मैं बाद में ले लूँगी.

बँकेत व्याज भरलं. पोत सुटली नाही, पण लिलाव टळला. येताना सौ. मोटारसायकलवर मागे बसली. खांद्यावर हात ठेवला नाही. सीट धरून बसली.

१६ नोव्हेंबर
पहाटे दोघींच्या मागोमाग वेचणीला गेलो. भाभींचे दोनशे फेडायचे आहेत. वाटेत सौ. भाभींशीच बोलत चालली. पहिल्या ओळीत शिरताना मात्र मला म्हणाली, बाह्या खाली घ्या, बोंडं टोचतात.

टोचतात. आता माझीही बोटं तशीच झालीत.

दुपारी काटा झाला. सौ.चं गाठोडं चोवीस किलो, माझं पाच. उकंडरावांनी विचारलं, वामनराव, वलावा कापू का? बाया खूप हसल्या. सौ.ही हसली, पण तोंड फिरवून.

घरी जाताना आडतीत शिरलो आणि काट्यावर उभा राहिलो. घामासकट, कपड्यांसकट, दुपारच्या भाकरीसकट. काहीही वजा केलं नाही.

सत्त्याण्णव.

काटा बरोबर आहे.