पाहुण्यांना आधी बाहेर

औसा,
मंगळवार दुपार

ती. सौ. सिंधुआत्या यांना,

पुनमचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता चालू देतो का, मुदखेडला पाऊस झाला की उन्हाळा तसाच आहे, ते कळवावे. इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. (हा शब्द लिहिण्याआधी बराच वेळ विचार केला. माणसं सुखरूप आहेत. घराबद्दल तसं म्हणता येणार नाही.)

नांदेडच्या पाहुण्यांनी इथून गेल्यावर तुम्हाला काय काय सांगितलं असेल याची कल्पना आहे. ते बहुतेक खरंच असणार. अण्णांनी मुलाच्या आजीला बाजेसकट उचलून गारांच्या पावसात नेऊन ठेवलं, हे खरं आहे. आईने मुलाला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर ढकललं, हेही खरं आहे. मात्र त्यांचे मामा अंगणात घसरून पडले ते आपले आपण पडले, त्यांना कोणी ढकललं नाही.

हे स्थळ आणण्यासाठी तुम्ही किती हेलपाटे घातले ते मला माहीत आहे, म्हणून तर पत्र लिहायला हात उचलत नव्हता. आपल्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली, आणि आतापर्यंत आलेल्या पाहुण्यांना माझं शिक्षण म्हणजे माझ्यातलं एक व्यंगच वाटायचं. (एकांनी विचारलं होतं, एवढं शिकल्याने स्वयंपाकात काही फरक पडतो का. मी खरं तेच सांगितलं, की पडतो, पुस्तक हातात असलं की भाजी करपते. ते पुन्हा आले नाहीत.) हरिओम यांच्या घरचे मात्र आपण होऊन म्हणाले होते की मुलीला बी.एस्सी. पूर्ण करू देऊ. स्वतः ते क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतात, तेव्हा करपलेल्या गोष्टींची त्यांना सवय असेल, असंही मी मनात धरून बसले होते.

आता पत्र्यांचं सांगते. भूकंपानंतर अण्णांनी घरावरची माती उतरवून पत्रे टाकले ते तुम्ही पाहिलेच आहेत. गावात सगळे जण वाऱ्यासाठी पत्र्यावर दगड ठेवतात. अण्णांनी एकही ठेवू दिला नाही. आई दर उन्हाळ्यात म्हणायची, "लई वारं सुटतंय, चार तरी ठेवा." अण्णा म्हणायचे, "डोक्यावर धोंडा नको मला. वाऱ्यानं माणूस मरत न्हाई." शिवाय आमच्या घरची एक रीत झाली आहे. भांडं वाजलं की बाहेर. मांजराने ताटली पाडली तरी आम्ही आधी अंगणात पळतो आणि मग आत येऊन मांजराला हाकलतो. इतक्या वर्षांत ही रीत अशी अंगवळणी पडली आहे की, पाहुण्यांना आधी कल्पना द्यावी हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी दुपारी तिघे आले, हरिओम, त्यांचे मामा आणि आजी सरजाबाई. सरजाबाईंना खाली बसवत नाही म्हणून बैठकीत बाज टाकून दिली. पोहे झाले. हरिओम यांनी विचारलं, पुढे काय करायचं ठरवलं आहे? हे उत्तर मी पाठच करून ठेवलं होतं. पहिलं वाक्य निम्मं झालं असेल, तेवढ्यात बाहेर धुरळा उठला, दिवसाढवळ्या अंधारून आलं आणि पत्रे वाजायला लागले. पत्र्यांबरोबर फळीवरची भांडी वाजली, आणि मग पुढचं सगळं सवयीने झालं. अण्णा ओरडले, "भाईर! समदे भाईर! पाहुण्यांना आधी!"

हरिओम जागचे हलले नाहीत. क्लासमध्ये सांगावं तसं शांतपणे म्हणाले, "काका, हा भूकंप नाही, वादळ आहे. वादळात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, आत थांबायचं." दुसरी कोणती ते कळलंच नाही, कारण तेवढ्यात आईने त्यांना ढकललं. अण्णांनी बाजेचं एक टोक उचललं. मामांना वाटलं इकडची काही पद्धत असेल, म्हणून त्यांनी दुसरं उचललं. सरजाबाई ओरडत होत्या, "अरे, कुठं घेऊन चालून राहिले मला? पोरीला पाहायला आलो ना आपण!" अंगणात पोचतो न पोचतो तोच गारा सुरू झाल्या. मामा तेव्हाच पडले. हरिओम यांनी ओट्यावरची परात उचलून आजीच्या डोक्यावर धरली, आणि थोड्या वेळाने निम्मी माझ्यावर. त्यामुळे आजी निम्म्या भिजल्या. मला ते बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचं अजून वाईट वाटतं.

मग आमच्या डोळ्यांदेखत पत्रे उठले. एक लिंबावर अडकला, एक शेजारच्या लिंबाजीकाकांच्या विहिरीत गेला, बाकीचे कुठे गेले ते अजून लोक येऊन सांगत आहेत. अण्णा धापा टाकत म्हणाले, "बघा! आत असता तर?" पाहुण्यांनीही मान हलवली. (आत काहीच पडलं नव्हतं, आत्या. मी नंतर जाऊन पाहिलं. पोह्यांच्या बशा जिथल्या तिथे होत्या, फक्त त्यांत गारा होत्या. हे मी घरात बोलले नाही, पण हरिओम यांनीही डोकावून पाहिलेलं मी पाहिलं.)

पाऊस ओसरल्यावर पाहुणे जीपमध्ये बसले. मामा म्हणाले, कळवतो. सरजाबाई डोकं पुसत म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय. बाप येडा हाय." हे त्या हळू म्हणाल्या नाहीत. अण्णा जीपच्या दाराशीच उभे होते.

तेव्हापासून गावात लाईट नाही, आई गोठ्यात स्वयंपाक करते, आणि माझी पुस्तकं बाभळीवर वाळत घातली आहेत. (सेंद्रिय रसायनाचं शेळीने खाल्लं.) लिंबाजीकाका पत्रा परत द्यायला आले तेव्हा म्हणाले, "अण्णाराव, दगड ठेवले असते तर हिरीत पत्रा पडला नसता, दगड पडले असते. तुम्ही केलं तेच बेस." एरवी अण्णा हसले असते. काल सापडले तेवढे पत्रे परत चढवले. आईने ओढ्यातून दगड आणून भिंतीशी रचले आहेत. अण्णा त्यांच्याकडे बघतात, उठून शेतात जातात, परत येऊन पुन्हा बघतात. ठेवा म्हणत नाहीत, नको म्हणत नाहीत. जेवताना माझ्याकडे बघत नाहीत.

असो. जे झालं ते झालं. मला काही फार वाईट वाटलेलं नाही. आता परीक्षेच्या तयारीला लागेन म्हणते. तुम्ही आमच्यासाठी आणखी कोणापुढे शब्द टाकू नका. सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची भाची,
पुनम

ता.क. वाईट वाटलेलं नाही असं वर लिहिलं आहे ते खोटं आहे. खोडलं तर पान खराब होईल म्हणून ठेवलं, पण खोडलेलं समजावं.

आणखी ता.क. शब्द टाकू नका हेही खोडलेलं समजावं. तुम्ही नांदेडला एकदा जाऊन या. माझ्याबद्दल काही बोलू नका. सरजाबाईंना फक्त एवढं सांगा की भूकंपाच्या त्या पहाटे आमची आजी आत बाजेवर झोपली होती आणि अण्णा अंगणात होते, आणि ते दारापर्यंतच पोचले, तेवढ्यात भिंत बाजेवर आली. आमच्याकडे हे कोणी काढत नाही, म्हणून मलाही पाहुण्यांसमोर तोंड उघडता आलं नाही. रविवारी अण्णा 'पाहुण्यांना आधी' म्हणाले खरे, पण त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलंच नाही, सरळ बाजेकडे धावले. तुमचीही ती आई, तुम्हाला हे बोलणं जड जाईल हे मला कळतं. तरी अण्णा कधीच सांगणार नाहीत, आणि मी सांगितलं तर लग्नासाठी सांगते असं दिसेल. एवढं ऐकून त्यांना नाहीच म्हणायचं असेल तर खुशाल म्हणू देत. फक्त माझ्या शिक्षणावरून नाही म्हणा म्हणावं, त्याची मला सवय आहे. अण्णांवरून नको.